सर्व्हर आपला, पण सांभाळणार कोण?
आज ऑफिसात दिवसभर एकच विषय. एआय मॉडेल स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं ठरलं, पण ते रोज सांभाळणार कोण? खरेदीवर सगळे भरभरून बोलतात. ७० अब्ज पॅरामीटरचं मॉडेल (पॅरामीटर म्हणजे मॉडेलने शिकताना ठरवलेले आकडे) दर आकड्याला १६ बिट देऊन ठेवायचं तर नुसत्या या आकड्यांनाच, म्हणजे वेट्सना, साधारण १४० जीबी मेमरी लागते, म्हणजे ८० जीबीची किमान दोन ग्राफिक्स कार्डं (जीपीयू). ४ बिटवर आणलं तर ३५ जीबीच्या आसपास भागतं, फक्त उत्तरांचा दर्जा आपल्याच कामावर तपासून घ्यावा लागतो. हा हिशेब एकदाच होतो. ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) जुळणी, सुरक्षेचे पॅच म्हणजे दुरुस्त्या, लॉग म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, बॅकअप हे मात्र कायमचं.

देखभाल बाहेरच्या कंपनीला द्यायला माझी हरकत नाही. पण डेटा बाहेर जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप करायचा आणि त्याच कंपनीसाठी रिमोट ॲक्सेस चोवीस तास सताड उघडा ठेवायचा, हे मला अजिबात पटत नाही. तसं मी स्पष्ट सांगितलं. ॲक्सेस लागेल तेव्हाच, आपल्या माणसाच्या परवानगीने आणि नोंद ठेवून. नवं मॉडेल चढवण्याआधी रोजच्या कामातले प्रश्न त्याला विचारून बघायचे, जुनी आवृत्ती हाताशी ठेवायची, एवढं तरी आज मान्य झालं. जबाबदारी कोणाकडे, हे उद्या ठरेल.