जुन्या गाळाखाली आलेला नवा गाळ

जपानच्या किई द्वीपकल्पाच्या आग्नेयेस, नानकाई खंदकाच्या उतारावर चाललेल्या एका वेधन मोहिमेत माझ्याकडे एकच काम होते. समुद्रतळाखालून नळीत कापून वर येणाऱ्या गाळाच्या प्रत्येक दंडगोलाचे, म्हणजे गाभ्याचे, वय त्यातल्या सूक्ष्म जीवाश्मांवरून लवकरात लवकर सांगायचे. या भागात फिलिपाईन समुद्राचा भूपट्ट दरवर्षी काही सेंटिमीटर वायव्येकडे सरकत जपानखाली शिरतो. शिरताना त्याच्या पाठीवरचा सगळा गाळ त्याच्याबरोबर खाली जात नाही. बराचसा खरवडला जातो, वरच्या भूपट्टाच्या कडेला दाबला जातो, दुमडतो, तुटतो आणि तुटलेले पट्टे एकमेकांवर चढत जाऊन एक प्रचंड पाचर तयार होते. हीच ॲक्रिशनरी प्रिझम. मारियानासारख्या खंदकात गाळ फार थोडा येतो, त्यामुळे तिथे अशी पाचर वाढतच नाही. उलट वरच्या भूपट्टाचीच झीज होत राहते. नानकाईला मात्र जमिनीवरून वाहून आलेली वाळू आणि चिखल भरपूर मिळतो.

खालचा थर जुना आणि वरचा नवा, हा भूशास्त्रातला पहिला धडा अशा पाचरीत फक्त एकेका पट्ट्यापुरता खरा असतो. एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलो की हिशेब मोडतो, आणि तो नेमका कुठे मोडतो हे शोधण्यासाठीच आम्ही सुमारे अडीच हजार मीटर पाण्याखाली विवर खोदत होतो.

त्या दिवशी विवर समुद्रतळाखाली अडीचशे मीटरच्या पुढे गेले होते. सर्वांत वर उतारावर साचलेला कोवळा गाळ लागला होता आणि त्याखाली पाचरीचा खरा गाळ सुरू झाला होता. गाभा डेकवर आला की त्याच्या तळाच्या कोअर कॅचरमधला, म्हणजे गाभा नळीतून निसटू न देणाऱ्या झडपेतला, चिखल सर्वांत आधी माझ्या हाती येई. टूथपिकच्या टोकावर मावेल एवढा चिखल काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वाळवायचा, पारदर्शक गोंदाने वर झाकणकाच बसवायची आणि पट्टी हजारपट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शीखाली ठेवायची. साध्या प्रकाशात डिस्कोॲस्टर या लुप्त शैवालाच्या चुन्याच्या चांदण्या दिसत. ध्रुवित प्रकाशात त्या जवळजवळ विझून जात आणि त्यांच्या जागी इतर शैवालांच्या चुन्याच्या चकत्या काळ्या फुल्या घेऊन उजळत. शेवटची डिस्कोॲस्टर प्रजाती सुमारे १९ लाख वर्षांपूर्वी नाहीशी झाली. त्यांच्यासोबत स्फेनोलिथस हे असेच लुप्त चुनखडी जीवाश्मही मिळत होते, आणि ते तर ३५ लाख वर्षांपूर्वीच संपले. म्हणजे आम्ही निदान प्लायोसीन काळाइतक्या (सुमारे ५३ ते २६ लाख वर्षांपूर्वीच्या) जुन्या गाळात होतो.

त्याखालच्या पुढच्या गाभ्याच्या काचपट्टीत एकही चांदणी नव्हती. कडेला बारीक चिरांची रांग असलेली स्युडोएमिलियानिया या दुसऱ्या शैवालाची चकती दिसली आणि तिच्या शेजारी जेफायरोकॅप्सा या आणखी एका शैवालाची साडेपाच मायक्रॉनपेक्षा मोठी चकती. ही मोठी जेफायरोकॅप्सा साधारण १६ ते १२ लाख वर्षांपूर्वीच्या काळातच आढळते. मी दृश्यक्षेत्रामागून दृश्यक्षेत्र सरकवत गेले, पण चित्र बदलले नाही. ३५ लाख वर्षांहून जुन्या गाळाच्या खाली त्याच्या निम्म्याहून कमी वयाचा गाळ होता.

तरीही मी लगेच काही जाहीर केले नाही. जुने जीवाश्म वाहून येऊन नव्या गाळात मिसळणे ही नेहमीची गोष्ट आहे, मात्र नवे जीवाश्म आपणहून जुन्या थराखाली जात नाहीत. पण वरच्या भागातला कोवळा गाळ विवराच्या भिंतीवरून सुटून तळाशी पडू शकतो, आणि असा वरून पडलेला माल कोअर कॅचरमध्ये सहज अडकतो. फलकावर मी वयापुढे प्रश्नचिन्ह लिहिले आणि गाभा उभा चिरला जाण्याची वाट पाहिली. अशा प्रतीक्षेत गेलेला वेळ वाया जात नाही असे माझे ठाम मत आहे, कारण एकदा अहवालात गेलेल्या वयावर इतर सगळ्यांचे अर्थ उभे राहतात.

चिरलेल्या गाभ्यात जे दिसले ते मी फार जवळून पाहिले. गडद करड्या चिखलदगडाचे टोकदार तुकडे झाले होते. काही नखाएवढे, काही मुठीएवढे. एक तुकडा बोटांनी हलकेच दाबला तर तो सपाट न तुटता वळणदार पृष्ठावर सुटला. ते पृष्ठ घोटलेल्या पाटीसारखे चकचकीत होते आणि त्यावर एकाच दिशेने गेलेल्या केसाएवढ्या रेघा होत्या. संरचनाशास्त्रज्ञ सहकारी प्रत्येक रेघेचा कल मोजून नोंदवत होता. मी तुकड्यांची बाहेरची कड खरवडून टाकली आणि त्यांच्या आतल्या भागातून, तसेच चुराडा झालेल्या पट्ट्याच्या वरून आणि खालून नमुने घेतले. वरच्या नमुन्यात चांदण्या होत्या, खालच्यात नव्हत्या. आता प्रश्नचिन्ह पुसता आले.

चुराड्याचा हा पट्टा म्हणजे विभंग, खडक तुटून एकमेकांवर सरकल्याची भेग, आणि तो साधा नव्हता. भूपट्टांच्या सीमेपासून फुटून वर समुद्रतळाकडे येणाऱ्या मोठ्या शाखेचा तो भाग होता. ही शाखा मूळ सीमेपेक्षा तीव्र उताराची असल्यामुळे तिच्यावर झालेले सरकणे समुद्रतळ अधिक उचलते, आणि म्हणूनच १९४४ च्या तोनानकाई भूकंपानंतरच्या त्सुनामीच्या संदर्भात तिचा विचार होतो. एवढ्या उथळ, मऊ चिखलात विभंग वेगाने सरकू शकत नाही, तो संथपणे घसरतो, असे दीर्घकाळ मानले जाई. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नानकाईच्या अशाच उथळ विभंगांमधल्या सेंद्रिय कणांची उष्णतेने वाढणारी चकाकी मोजली गेली, तेव्हा अगदी पातळ पट्ट्यात तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापल्याच्या खुणा मिळाल्या. एवढी उष्णता संथ सरकण्यातून निर्माण होत नाही. त्याच वर्षी ईशान्य जपानमधल्या तोहोकू भूकंपात सरकणे थेट खंदकापर्यंत पोहोचले आणि तिथे ते सुमारे पन्नास मीटर होते.

आमच्या नमुन्यांनी या प्रश्नात एका तारखेची भर घातली. खालचा गाळ उतारावर साचल्यानंतरच पाचरीचा जुना पट्टा त्याच्यावर चढला असणार. म्हणजे इथले हे चढणे सोळा लाख वर्षांहून जुने असू शकत नाही. पण ही एका बाजूची मर्यादा झाली. विभंग शेवटचा केव्हा सरकला हे कळायला त्याच्या वरच्या टोकावरून न तुटता पसरलेला पहिला थर हवा, आणि त्या थराचे वय हवे. भूकंपीय छेदात, म्हणजे ध्वनिलहरींनी मिळवलेल्या थरांच्या चित्रात, असा थर जिथे दिसत होता, ती जागा रात्रीच्या बैठकीत नकाशावर ठेवून आम्ही पुढच्या विवरातून किती अंतरावर नमुने घ्यायचे ते ठरवले.