पिठलं कुणाच्या घरी शिजलं?

कादंबरी 1972च्या दुष्काळावरची. लेखक तिशीतला, नोकरीला पुण्यात, मूळचा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. हस्तलिखित माझ्याकडे संपादनाला आलं आणि भाषेनं मला पहिल्या पानापासून धरून ठेवलं. आठव्या प्रकरणात मात्र मी थबकले. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून आलेलं कुटुंब चुलीपुढं बसतं आणि गरम भाकरी, पिठलं, ठेचा खातं. पिठलं अर्थातच खमंग. वाक्यं चांगली होती, पण ते जेवण कुठल्याही वर्षी, कुठल्याही गावात खपून गेलं असतं. दुष्काळ बाहेर माळावर होता, ताटात नव्हता.

गावाकडे त्या काळातलं कुणी आहे का, असं मी विचारलं. त्याची आत्या होती. दुष्काळात ती तेरा-चौदा वर्षांची, पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहणारी. एका रविवारी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो.

ओसरीवर बसून त्यानं प्रकरण वाचायला घेतलं. आत्या ज्वारी पाखडत ऐकत होती. पिठलं आलं तसं तिचं सूप थांबलं.

"ही कुणाच्या घरची माणसं म्हणायची?"

"आपल्यासारखीच, आत्या. कामावर जाणारी."

"मग डाळीचं पीठ कुठलं आणलं ह्यांनी? आन् फोडणीला तेल? आरं बाळा, पिठलं त्या साली मुकादमाच्या घरी शिजत व्हतं."

एका वाक्यात तिनं अख्खा गाव मांडला. इतकी वर्षं संपादन करते आहे, पण एखाद्या प्रसंगाची इतकी नेमकी दुरुस्ती मी क्वचितच ऐकली असेल. पिठलं एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवलं आणि गावात कोण कुठं उभा आहे ते दिसायला लागलं.

मग ती मिलोवर आली. रेशनवर मिळणारी अमेरिकेची लाल ज्वारी. तिच्या पिठाला विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, नाही, भाकरी थापायला घेतली की कडा फाटायच्या, असं ती सांगत होती. आमच्या चेहऱ्यावर काही उमटेना म्हणून उठून आत गेली आणि डब्याच्या तळाचं जुनं, विरी गेलेलं पीठ घेऊन आली. गार पाण्यात मळून परातीत थापायला घेतलं, तर तिसऱ्या-चौथ्या थापेलाच गोल चिरत गेला. मग तिनं आधण ठेवलं, उकळतं पाणी पिठात ओतलं, वाफ जिरू दिली आणि तळहाताच्या मुळानं पीठ रगडत राहिली. आता भाकरी झाली, पण जाड आणि लहान. "पातळ केली की तव्यावर जायच्या आत तुटायची. आन् येवढं पाणी तापवायला जळण कुठं व्हतं? म्हणून आई सगळ्यांचं एकदाच करायची. रातच्याला ती भाकरी कौलासारखी लागायची."

लेखक भराभर लिहून घेत होता. कामावर मजुरांना मिळणाऱ्या सुकडीबद्दल, म्हणजे तिथं वाटल्या जाणाऱ्या पौष्टिक खाऊबद्दल, त्यानं विचारलं, गोड असायची का? "गोडच की. पर ती तिथंच खायाची, घरी न्यायाची न्हाई, असं आमच्या कामावर व्हतं. मी अर्धी पदरात बांधायची. तुझा बाप लहान व्हता, कामावर येत नव्हता." त्याचा पेन थांबला. हे त्याला वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं.

कथेतल्या खाण्याकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघते. चवीचं वर्णन मला फारसं लागत नाही. धान्य आलं कुठून, दळलं कुणी, जळण कुणाच्या डोक्यावरून आलं, शेवटी जेवायला कोण बसलं, हे लेखकाला ठाऊक असलं की त्याचं जग उभं राहतं. मग त्यातलं पानावर एकच ओळ आली तरी चालतं. शिवकाळावरच्या एका हस्तलिखितात उपासाला साबुदाण्याची खिचडी होती. साबुदाण्याचा कंद मुळात दक्षिण अमेरिकेतला, तमिळनाडूत सेलमला साबुदाण्याचे कारखाने निघाले 1940च्या दशकात. अशी चूक शोधून काढता येते. आठव्या प्रकरणातलं पिठलं त्याहून अवघड, कारण कालविसंगती त्यात कुठंच नव्हती. ते फक्त चुकीच्या चुलीवर होतं. आणि काल्पनिक राज्यांच्या कथा लिहिणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. डोंगरमाथ्यावरच्या किल्ल्यात रोज ताजी मासळी येत असेल तर ती वाहणारी माणसं कुठंतरी पळत असणार, आणि ती दिसली पाहिजेत.

परतीच्या वाटेवर आमचा वाद झाला. मिलो परदेशातून का आणावी लागली, यावर त्याला एक परिच्छेद घालायचा होता. मी नको म्हटलं. त्याच्या नायिकेनं अमेरिका पाहिलेली नाही. तिला माहीत आहे रेशनच्या दुकानातलं पोतं आणि तिथली रांग. तो कडा फाटायच्या ओळीवर राजी झाला, पण पोत्यावरची इंग्रजी अक्षरं त्यानं ठेवलीच, आणि तिला ती वाचता येत नाहीत हेही. त्याचं बरोबर होतं.

प्रकरण आता नव्यानं लिहून झालं आहे. नायिका सुकडी पदरात बांधते, मुकादमाला ते दिसतं, आणि पुढच्या तीन प्रकरणांची गाठ तिथंच पडते. पिठलंही आहे, मुकादमाच्या घरी. त्या घरात डाळ दळायला कोण येतं आणि तिला मजुरीत काय मिळतं, ते मात्र अजून लिहायचं आहे. त्यासाठी तो पुढच्या महिन्यात पुन्हा आत्याकडे जाणार आहे.