तुम्ही विचारलंत म्हणून : बटण अर्धं दाबायचं म्हणजे काय?

"साधा डिजिटल कॅमेरा शिकायचाय, सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न मला सतत येतो. विचारणाऱ्यांत नुकते निवृत्त झालेले काका असतात, सुट्टी लागलेली मुलं असतात, घरातल्या कपाटात जुना कॅमेरा सापडलेली एखादी ताई असते. माझं उत्तर दर वेळी एकच असतं. बटण अर्धं दाबायला शिका. त्यावर समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग विचारतो, "बरं, आणि पुढे?" पुढचंही सगळं त्या अर्ध्या दाबण्यातच आहे, पण हे उभ्या उभ्या सांगून होत नाही. म्हणून आज बैजवार लिहिते.

माझा पहिला कॅमेरा दादाने वापरून मला दिलेला. खिशात मावेल एवढा, माहितीपुस्तिका कधीच हरवलेली. देताना तो म्हणाला, "बटण दाब, बाकीचं तो बघतो." मी महिनाभर तसंच केलं. नजर समोर, बोट बटणावर, आणि एका दमात खाली. फोटो एक तर हललेले यायचे, नाही तर उशिरा यायचे. उशिरा म्हणजे कसं, तर भाची हसतेय म्हणून दाबायचं आणि फोटोत तिची पाठमोरी वेणी. मला वाटलं कॅमेरा मंद आहे.

कॅमेरा मंद नव्हता. एका दमात बटण दाबलं की त्याला सगळी कामं त्याच क्षणी करावी लागतात: उजेड मोजायचा, भिंग पुढे-मागे सरकवून फोकस शोधायचा, रंगाचा अंदाज बांधायचा, आणि मग फोटो घ्यायचा. त्यात अर्धा-पाऊण सेकंद सहज जातो. एका मुलाचं हसू ओसरायला तेवढा वेळ पुरतो. तेच बटण आधी अर्धं दाबून ठेवलं तर ही सगळी तयारी होऊन कॅमेरा थांबतो. मग उरलेलं अर्धं दाबताच फोटो निघतो.

हे बटण दोन टप्प्यांचं असतं. हलकेच दाबत गेलं की मध्ये एक बारीकसा अडसर लागतो. तिथेच थांबायचं. टुक असा आवाज येतो, पडद्यावर हिरवी चौकट उमटते. चौकट लाल झाली किंवा लुकलुकायला लागली तर फोकस बसला नाही, बोट उचला आणि पुन्हा दाबा. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकच गोष्ट करायला सांगते: फोटो न काढता नुसतं अर्धं दाबायचं आणि सोडायचं. वीस वेळा, तीस वेळा. तो अडसर बोटाला ओळखीचा झाला पाहिजे. सायकलच्या ब्रेकचा जोर जसा हाताला कळतो, तसाच.

चौकट लाल का होते हे समजलं की निम्मा राग शांत होतो. साधा कॅमेरा अंतर मोजत नाही. तो भिंग सरकवत जातो आणि कुठल्या जागी उजेड-अंधाराच्या कडा सगळ्यांत ठसठशीत दिसतात ते बघतो. जिथे दिसल्या तिथे फोकस. मग कोऱ्या भिंतीवर, धुक्यावर, एकरंगी कापडावर त्याने काय शोधायचं? तिथे कडाच नाहीत. कापडाची शिवण दाखवा, भिंत आणि दाराची चौकट जिथे मिळते ती रेघ दाखवा, लगेच टुक वाजेल. माणसाचा फोटो असेल तर डोळा दाखवा, पापण्यांइतकी चांगली कड दुसरी नाही. आणि ज्याला टिपायचं तो फोटोच्या मधोमध नको असेल, तर मध्ये घेऊन अर्धं दाबायचं, बोट तसंच धरून कॅमेरा बाजूला वळवायचा आणि मग पूर्ण दाबायचं. तेवढ्या वेळात आपण पुढे-मागे मात्र व्हायचं नाही. अंतर बदललं की फोकस गेला.

अर्धं दाबल्यावर बऱ्याच कॅमेऱ्यांत खाली दोन आकडे येतात. उदाहरणार्थ 1/20 आणि एफ 3.5. एफचा आकडा म्हणजे भिंगाचं छिद्र किती उघडलंय ते, तो तूर्त कॅमेऱ्यावर सोडा. पहिला आकडा महत्त्वाचा. कित्येक जण वर्षानुवर्षं कॅमेरा वापरून तिकडे बघतही नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं, कारण कॅमेरा त्या घटकेला आपल्याशी बोलत असतो. 1/20 म्हणजे मी सेकंदाचा विसावा भाग डोळा उघडा ठेवणार आहे, तेवढा वेळ हलू नकोस. 1/250 असेल तर निर्धास्त राहा. 1/60 च्या खाली गेला की हात जपायचा, झूम केलेला असेल तर त्याच्याही आधीपासून. काही कॅमेरे आकड्यांऐवजी थरथरत्या हाताचं चिन्ह दाखवतात. अर्थ तोच.

हात कसा जपायचा, हे मला आजीने शिकवलं. तिला ते माहीत नव्हतं.

ती खिडकीशी बसून सुई ओवत होती. मागून उजेड, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून चिमटीत पीळ दिलेला, डोळे बारीक. मी अर्धं दाबलं, टुक वाजलं, 1/50 दिसलं, पूर्ण दाबलं. फोटोत खिडकी सुरेख आली आणि आजी काळीठिक्कर. तिच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती नाही, नुसती आकृती. "बाकीचं तो बघतो" यातली गोम मला तेव्हा पहिल्यांदा कळली. तो बघतो हे खरं, पण आपण बघतो ते तो बघत नाही.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग एक गृहीत धरून चालतो: समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे. बहुतेक वेळा ते जवळपास बरोबर असतं, म्हणून बहुतेक फोटो बरे येतात. पण समोर पांढरी चादर वाळत घातलेली असेल तर तो म्हणतो, बापरे, केवढा उजेड, आणि उजेड कमी करतो. चादर मळकट येते. काळं मांजर असेल तर तो उजेड वाढवतो आणि मांजर राखाडी होतं. आजीच्या मागे खिडकी होती, त्याने खिडकीला मध्यम केलं आणि आजी अंधारात गेली. याच्यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यात अधिक-उणे असं चिन्ह असलेलं एक बटण असतं. पांढऱ्याला अधिक, काळ्याला उणे. ऐकायला उलटं वाटतं, पण कॅमेऱ्याची चूक कुठल्या दिशेने होतेय हे लक्षात ठेवलं की विसरायला होत नाही. चादरीला +1, मांजराला -1 इथून सुरुवात करायची आणि पडद्यावर बघून थोडं सरकवायचं. पूर्ण ऑटोवर हे बटण बहुतेकदा चालत नाही. 'पी' असं लिहिलेल्या मोडवर न्या, तिथे चालतं. मला विचाराल तर फोकस खालोखाल शिकायची गोष्ट हीच, झूम आणि बाकी मोड सगळे नंतर.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी आजीला पुन्हा सुई ओवायला बसवलं. आयएसओ, म्हणजे आलेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून घ्यायचा तो आकडा, 200 वर ठेवला, अधिक-उणे +1.3 वर नेलं. आता अर्धं दाबल्यावर 1/20 आलं. साहजिकच आहे, उजेड अडीच पट हवा तर वेळही अडीच पट. चेहरा उजळला, पण फोटो हलला. पुन्हा काढला, पुन्हा हलला. "अगं, किती वेळा ओवू?" आजी म्हणाली, आणि दोरा काढून परत चिमटीत धरला. तेव्हा मी कॅमेरा खाली ठेवून तिच्याकडे नीट बघितलं. दोन्ही कोपर बरगड्यांना टेकवलेली. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या मनगटावर, म्हणजे दोन्ही हात हलले तर एकत्र हलावेत. दोरा नेढ्याशी येईपर्यंत संथ श्वास, आणि ऐन नेढ्यापाशी श्वास सोडून तो तिथेच थांबवलेला. दोरा पलीकडे गेला, मग छाती पुन्हा हलली.

मी कोपर बरगड्यांना टेकवली, पाठ दाराच्या चौकटीला लावली, अर्धं दाबलं, श्वास सोडला, थांबले, आणि बोट नुसतं आवळत नेलं. फोटोत खिडकी पांढरीफटक आहे, पण आजीचे बारीक केलेले डोळे आणि दोऱ्याचं ओलं टोक स्पष्ट आहे. खिडकी जाऊ द्यावी लागली. दोन्ही मिळत नाही, कोणाला उजेड द्यायचा ते आपण ठरवायचं.

इथे काही जण विचारतात, आयएसओ वाढवायचा की, 1600 करायचा. करता येतो. पण साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे भिंगामागची उजेड टिपणारी चकती, साधारण 6.2 गुणिले 4.6 मिलिमीटरचा असतो, करंगळीच्या नखाहून लहान. मोठ्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा 36 गुणिले 24. क्षेत्रफळात जवळजवळ तीस पट फरक. एवढ्याशा जागेवर दीड-दोन कोटी बिंदू बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड जेमतेम येतो, आणि आयएसओ वाढवणं म्हणजे रेडिओचा आवाज वाढवावा तसा तो जेमतेम उजेड वाढवणं. सोबत खरखरही, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपकेही, वाढते. 400 पर्यंत मी बिनधास्त जाते, 800 नाइलाज म्हणून. फोटोतली वस्तू स्थिर असेल तर कॅमेरा टेबलावर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही.

झूमबद्दल थोडक्यात. पडद्यावरच्या पट्टीत एक रेघ असते. त्या रेघेपर्यंत भिंग काम करतं, पलीकडे कॅमेरा नुसता फोटो कापून फुगवतो. पलीकडचा झूम सेटिंगमधून बंदच करून टाका. आणि झूम केला की साध्या भिंगातून उजेडही कमी येतो, म्हणून जमेल तिथे दोन पावलं पुढे जा.

फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की चौथाई होतो. तीन-चार मीटरच्या पुढे या चिमुकल्या फ्लॅशची मजल नाही. लांबच्या रंगमंचावर तो उडवून पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात. उलट भर उन्हात टोपीखाली चेहरा काळवंडलेला असेल तर तिथे मुद्दाम फ्लॅश लावा. फार गुणाचं काम करतो.

कार्डाचं मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे माझं नुकसान झालंय. कॅमेऱ्यावरचा दिवा लुकलुकत असताना मी घाईने कार्ड काढलं. तो दिवा म्हणजे लिहिणं चालू आहे. अख्ख्या दिवसाचे फोटो गेले. तेव्हा मला माहीत नव्हतं की फोटो पुसला गेला तरी लगेच नाहीसा होत नाही. फक्त त्याची नोंद जाते, आणि त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो परत मिळवायची आशा असते. मी हळहळत त्याच कार्डावर नवे फोटो काढत बसले, आणि ती आशाही घालवली. तुमच्यावर ही वेळ आली तर ते कार्ड काढून बाजूला ठेवा, त्यावर काहीही लिहू नका. एरवी फोटो दोन ठिकाणी उतरवून झाले की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, म्हणजे पुसून कोरं करा. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली तर घड्याळ मूळ तारखेवर जातं, तेही बघा. प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख लिहिली जाते, आणि दहा वर्षांनी तीच कामाला येते.

"मोबाइल असताना कॅमेरा कशाला?" हेही विचारतात. प्रामाणिकपणे सांगते, अंधारात मोबाइलचा फोटो पुष्कळदा सरस येतो. तो एका दाबात अनेक फोटो घेऊन ते जुळवतो आणि आपल्याला नुसता निकाल देतो. साधा कॅमेरा एकच फोटो घेतो आणि त्याआधी विचारतो. 1975 साली स्टीव्ह सॅसन यांनी कोडॅकमध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा जेमतेम दहा हजार बिंदूंचा काळा-पांढरा फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला 23 सेकंद लागायचे. आज ते काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. म्हणून ती अर्ध्या बटणावरची घटका मला मोलाची वाटते. तेवढीच काय ती आपल्या हातात राहिलीय.

नंतर एकदा आजीने कॅमेरा मागितला. मी तिचं बोट बटणावर ठेवलं. तिने दाबलं, टुक वाजलं. "वाजलं गं. आता?" "आता पूर्ण दाब." तिने दाबलं नाही. कोपर आपसूक बरगड्यांना गेली. मी काहीतरी सांगत होते, हात हलवत होते, ती तशीच थांबून राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून मी बोलायची थांबले आणि तिच्याकडे बघितलं. तेव्हा तिने दाबलं.