उन्हात बरळणारा माणूस प्यायलेलाच असतो असे नाही

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि विदर्भात नवतपा सुरू होतो. या नऊ दिवसांचा धाक आमच्याकडे एवढा मोठा आहे की त्याआधीच्या उन्हाला फारसे कोणी मोजत नाही. वास्तविक शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी अचानक पारा चढतो तेव्हाचे पहिले काही दिवसच अधिक घातक ठरू शकतात. सुट्टीवरून कामावर परतलेला मजूर, नव्याने भट्टीवर लागलेला पोऱ्या, पुण्या-मुंबईहून लग्नाला आलेले पाहुणे यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे लागते. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळीचे काम देऊ नये, थोडेथोडे वाढवत न्यावे.

शरीर स्वतःला थंड ठेवते ते कुलरच्याच तत्त्वावर. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपते, त्यातून वारा जातो, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. घामाचेही तसेच आहे. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर नेतो. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या हवेत ही व्यवस्था उत्तम चालते, फक्त घाम आला तसा वाळून जात असल्यामुळे आपले किती पाणी गेले हे कळत नाही. कोकणात आणि मुंबईत उलटे होते. तेथे घामाच्या धारा लागतात, पण हवा दमट असल्याने तो वाळत नाही आणि जो घाम नुसताच गळून पडतो तो शरीराला थंड करीत नाही. म्हणूनच भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंशांची अट ठेवतो, तर किनारपट्टीवर ३७ अंशांची. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. आकडा पाहून निर्धास्त राहणाऱ्यांनी ही घटना आठवावी.

उन्हाचा त्रास झालेल्या माणसाकडे पाहताना पहिला प्रश्न असा की तो शुद्धीवर आणि भानावर आहे का. डोके दुखणे, मळमळणे, पायात गोळे येणे, गळून गेल्यासारखे वाटणे हा उन्हाचा थकवा होय. सावलीत आडवे करून, पाय थोडे उंच ठेवून, कपडे सैल करून आणि घोट-घोट पाणी, ताक किंवा मीठ-साखरेचे पाणी देऊन तो बहुधा तासाभरात उतरतो. न उतरल्यास, किंवा सारख्या उलट्या होऊ लागल्यास, दवाखाना गाठावा. उष्माघातात मात्र शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियस, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइटच्या पुढे जाते आणि मेंदू गडबडू लागतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, त्याला झटके येतात किंवा तो बेशुद्ध पडतो. अंग कोरडे आणि तापलेले असते असे आपण ऐकत आलो आहोत, पण ते घरात बसलेल्या वृद्धांच्या बाबतीत अधिक खरे आहे. कष्टाचे काम करताना ज्याला उष्माघात होतो त्याचे अंग घामाने निथळत असू शकते. तेव्हा ‘घाम सुटला आहे, म्हणजे काळजी नाही’ हा हिशेब सोडून द्यावा.

चंद्रपूरकडच्या एका लग्नात मी हे जवळून पाहिले. मंडपामागे पत्र्याच्या आडोशाला पुऱ्या तळणारा विशीतला मुलगा अचानक मोठमोठ्याने बोलू लागला आणि झारा कढईबाहेरच फिरवू लागला. अंगावरची बनियन घामाने चिंब होती. ‘सकाळीच टाकून आला का बे?’ असे म्हणत मुख्य आचाऱ्याने त्याला भट्टीपासून बाजूला ओढले, आणि कोणीतरी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. वऱ्हाडात आलेल्या एक आरोग्यसेविका तिकडे आल्या. त्यांनी त्याला एवढेच विचारले, ‘बाळा, आज कोणाचं लग्न आहे?’ त्याने आपल्या बहिणीचे नाव घेतले. त्यासरशी बाईंनी मठ्ठ्यासाठी आणलेल्या बर्फाच्या लाद्या पाण्याच्या पिंपात टाकायला सांगितल्या, त्याला सतरंजीवर आडवे केले, आणि लोक ‘अहो, एकदम गार पाणी नका टाकू’ म्हणत असतानाच त्याच्यावर बादलीमागून बादली रिकामी केली. मंडपातला उभा पंखा ओढून आणून त्याच्याकडे वळवला. रुग्णवाहिका आली तेव्हा तो स्वतःचे नाव नीट सांगत होता. कामाच्या जागी बरळणाऱ्या मजुरावर दारूचा शिक्का मारणे आपल्याकडे फार सोपे आहे. उन्हाळ्यात हा शिक्का एखाद्याचा जीव घेऊ शकतो. खरोखर प्यायलेल्या माणसालाही उष्माघात होतो, नव्हे, अधिक लवकर होतो, त्यामुळे वास आला तरी पाणी ओतायचेच.

आधी थंड करणे आणि मग हलवणे, हा येथे नियम आहे. एकाने १०८ ला फोन लावावा, आणि बाकीच्यांनी तोवर हात बांधून उभे राहू नये, कारण अर्ध्या तासाच्या आत तापमान उतरले तर मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. धडधाकट तरुणाला बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवता आले तर त्याहून चांगले काही नाही. मात्र एकाने त्याचे डोके पाण्यावर धरून ठेवले पाहिजे. टब, हौद, ताडपत्रीचा खोलगट झोळा, जे असेल ते चालते. वृद्धांना किंवा हृदयरोग्यांना नळाच्या साध्या पाण्याने सतत ओले ठेवून जोराचा वारा घालावा. मान, काखा आणि जांघा येथे कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवता येतो, पण तो जोडीला. नुसत्या कपाळावरच्या पट्टीने काही साधत नाही. कोरड्या हवेत ओली चादर आणि पंखा यांचा परिणाम चटकन होतो. दमट हवेत मात्र पाणी वाळण्याची वाट न पाहता सारखे ओतत राहावे लागते. आणि एक खबरदारी आमच्या भागातली: दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या टाकीचे पाणी अंगाला पोळते. नळ सोडण्याआधी त्याखाली हात धरून पाहावा, नाहीतर रांजणाचे किंवा विहिरीचे पाणी घ्यावे.

जो भानावर नाही त्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून ठेवावे. पॅरासिटामॉल देऊन उपयोग नाही. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूने तापमानाची पातळीच वर नेलेली असते, ती हे औषध खाली आणते, येथे तसे काही घडलेलेच नसते. काखेत लावलेला थर्मामीटर अशा वेळी कमी आकडा दाखवतो, म्हणून त्यावर विसंबून थांबू नये. कांद्याबद्दल माझे कोणाशी भांडण नाही. तो खिशात ठेवल्याने अपाय होत नाही, पण तळपायाला त्याचा रस चोळण्यात जी दहा मिनिटे जातात ती परत मिळत नाहीत. गाडीतून नेताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वाटेतही अंग ओले करीत राहावे.

पिण्याच्या पाण्याबद्दल थोडे. ओआरएसची पुडी आणताना ती किती पाण्यासाठी आहे हे वाचावे, कारण एक लिटरची मोठी पुडी आणि २०० मिलिलिटरची छोटी पुडी दोन्ही मिळतात, आणि मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर लहान मुलाला अपायच होतो. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, आणि चोवीस तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. ओआरएस नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोड पेयांवर ते नाव छापण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, हे फार पूर्वीच व्हायला हवे होते. पन्हे, ताक, आंबील हे सारे चांगलेच आहे. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्याच्या आरंभीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे. आपल्या मनाने त्या बंद करू नयेत.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेच्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले आणि त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी ती वाट धरली. आराखडे चांगले आहेत, पण पत्र्याच्या खोलीत एकटी राहणारी म्हातारी माणसे कोणत्याही फलकावरची सूचना वाचायला बाहेर येत नाहीत. रात्रीही हवा उतरत नाही अशा तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती घरातल्या घरात उष्माघाताला बळी पडतात, म्हणून संध्याकाळी दार वाजवून चौकशी करणे हे शेजाऱ्यांचेच काम आहे. बंद मोटारीत मूल ठेवून ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणणाऱ्यांनी हे जाणावे की उन्हात उभ्या गाडीच्या आतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढते. तेंदूपत्ता तोडणारी माणसे पहाटेच जंगलात जातात आणि ऊन चढण्याआधी परततात. ही शिस्त शहरातल्या बांधकामांवर पाळली जात नाही, आणि दोष मजुरांचा नसतो.

राहिला कुलर. उन्हापासून वाचवणारे हेच यंत्र विदर्भात दर उन्हाळ्यात विजेचा धक्का देऊन जीव घेते, आणि त्यात लहान मुले व घरातल्या बायका अधिक असतात, कारण पाणी भरण्याचे काम त्यांच्याकडे असते. लोखंडी टाकी, पाण्यात बुडालेला पंप, वायरीचे उकललेले वेष्टण, खाली ओली फरशी आणि त्यावर अनवाणी पाय, एवढे जुळून आले की पुरे. पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढलाच पाहिजे. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जोडणी उलटी असेल तर बटण बंद असूनही तारेत वीज राहते. प्लग तीन पिनांचा असावा, घराचे अर्थिंग तपासलेले असावे, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. त्याचा खर्च नव्या कुलरच्या किमतीपुढे मोठा नाही. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासावी, म्हणजे डेंग्यूच्या डासांची पैदासही टळते.

धक्का लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करावा. मुख्य स्विच सापडत नसेल तर स्वतः कोरड्या जागी, पायात चप्पल घालून उभे राहावे आणि कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकलावे. तो श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबेल एवढ्या जोराने दाबत राहावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. दमल्यास दुसऱ्याने हात घ्यावा. तो उठून बसला आणि ‘काही झाले नाही’ म्हणाला तरीही त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्यावा, कारण विजेच्या धक्क्याने हृदयाच्या ठोक्यांत झालेला बिघाड वरून दिसत नाही.