तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं ओरडून मध्येच गोड का गाता?

‘एक काहीतरी करा की! ओरडा, नाहीतर गा.’ सांगलीत मेटलकोर, म्हणजे मेटल आणि हार्डकोरचं मिश्रण, वाजवताना हे दोन्हीकडून ऐकावं लागतं. मिरजेचा तंबोरा कानात बसलेल्यांना ओरडणं नको असतं आणि कट्टर मेटलवाल्यांना गाणं. मेटलकोरमधला कोरस, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गायलेला भाग, लोकांना खूश करायला वरून चिकटवलेला असतो, यावर मात्र दोघांचं एकमत.

तसं नाही हो. ही सुरावट आधी गिटारमधून आली. १९९०च्या दशकात स्वीडनमधले ॲट द गेट्स, इन फ्लेम्स हे मेटल बँड दोन गिटारींवर जे वाजवत होते, ते अमेरिकेतल्या हार्डकोरवाल्यांनी (पंकचा जास्त आक्रमक प्रकार वाजवणाऱ्यांनी) उचललं आणि आपल्या ब्रेकडाऊनशेजारी, म्हणजे संथ, जड ठोक्यांच्या भागाशेजारी, बसवलं.

खरी परीक्षा ब्रेकडाऊन संपून कोरस लागतो त्या जोडावर होते. गिटार ड्रॉप सीमध्ये, म्हणजे सगळ्यात जाड तार सी स्वरापर्यंत उतरवलेली. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एकचा खर्ज. ब्रेकडाऊनभर तळहाताने दाबून तीच तार ठोकायची, स्नेअर (कडकडणारा ड्रम) चारातल्या तिसऱ्या ठोक्यावर. कोरसला स्नेअर दुसऱ्या-चौथ्यावर येतो आणि गिटारवर एकच बोट आठव्या पट्टीवर (फ्रेटवर) आडवं पडतं: कोमल धैवत आणि कोमल गंधार. गायक धरतो सा. म्हणजे इतका वेळ ठोकला तोच स्वर आता वर गळ्यात, आणि खालची जमीन बदललेली. गिटारनं सोडलेला मधला स्वर गळा भरतो, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) पूर्ण होते. तो गिटारनंच का वाजवू नये? वाजवून बघा. एवढ्या डिस्टॉर्शनमध्ये (मुद्दाम फाडलेल्या आवाजात) खालच्या तारांवर तीन वेगळे स्वर एकत्र वाजले की नुसता चिखल होतो.

हा जोड फसतो तेव्हा दोष बहुतेकदा तारेचा असतो. ढिली तार जोरात मारली की क्षणभर चढते. मग सुरात असलेला गायकही उतरलेला वाटतो आणि बोलणी तोच खातो. जाड तार ५६ किंवा त्याहून जास्त गेजची (जाडी, इंचाच्या हजारांशात) घ्या आणि ट्यूनरसमोर स्टेजवर माराल तेवढ्याच जोरानं मारून लावा. गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, वाटतं त्यापेक्षा कमी ठेवा. दाबलेले ठोके उलट स्पष्ट होतात. नॉइज गेट (हळू आवाज बंद करणारं यंत्र) ब्रेकडाऊनसाठी कडक लावला असेल तर कोरसला सैल करा, नाहीतर लांबणाऱ्या कॉर्डची शेपटी कापली जाते.

साऊंडवाल्यांशी वाद ठरलेलाच. मिरवणुकीच्या सवयीनं ते खालचा आवाज मोकळा सोडतात. सी तार ६५ हर्ट्झच्या आसपास. गिटार ८०च्या खाली कापून ती जागा बेसला आणि किकला (पायानं वाजवायच्या ड्रमला) द्यावी लागते. शिवाय ब्रेकडाऊनचा सब-ड्रॉप (खोल घसरत जाणारा दणका) कोरसवर सांडला तर लिमिटर, म्हणजे आवाज मर्यादेत ठेवणारं यंत्र, सगळंच दाबतं आणि गळा आधी गायब होतो.

आता तुमचंही एक कबूल. ओरड, गा, पुन्हा ओरड हा साचा झालाय. पूर्वी मी हिरिरीनं सांगायचो की कोरस नसेल तर ब्रेकडाऊनला वजन येत नाही. पण तो सा लीड गिटारनं धरला तर गायक शेवटपर्यंत ओरडला तरी काम भागतं. मग गायचं कशाला? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि पुढच्या गाण्यात कोरस आहेच.