पणजीचं गाडगं आणि नॉस्ट्रोमो

जोसेफ कॉनरॅडची 'नॉस्ट्रोमो' ही इंग्रजी कादंबरी एकदाची वाचून झाली. तिसऱ्या खेपेला. सुरुवात लई जड आहे, काळ सारखा मागं-पुढं होतो, कोण कुणाचं काय लागतं तेच कळत नाही, पण तिथं सोडू नका.

१९०४ ची कादंबरी. दक्षिण अमेरिकेतला कोस्टाग्वाना नावाचा कल्पित देश, आणि तिथली चांदीची खाण. ह्याच खाणीपायी सरकारनं चार्ल्स गूल्डच्या बापाला पिळून काढलेलं, बाप पत्रांतून विनवत गेला की पोरा इकडं फिरकू नको, तरी पोरगा येतोच, कारण त्याला वाटतं खाण चालली की पैसा येईल आणि पैशामागं कायदा येईल. येतं बंड. कॉनरॅडचे वडील रशियाच्या राजवटीविरुद्ध कट केला म्हणून हद्दपार झालेले, अकराव्या वर्षीच हा पोरका, त्यामुळं क्रांतीवर लिहिताना तो कुठंच हवेत बोलत नाही.

तर बंडवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून चांदी रात्रीच पडावात भरून नॉस्ट्रोमो निघतो. हा गोदीतल्या हमालांचा मुकादम, अख्ख्या गावाचा भरवशाचा माणूस. सोबत डेकूड नावाचा पत्रकार. चांदी एका बेटावर पुरतात, नॉस्ट्रोमो पडाव बुडवून पोहत परत येतो, लोक समजतात चांदी बुडाली. बेटावर एकटा पडलेला डेकूड एकांतानं खचतो आणि खिशात चांदीच्या चार विटा घालून स्वतःला गोळी मारून घेतो. आता त्या चार विटाच नॉस्ट्रोमोला अडकवतात, कारण परत करायला गेलं तर पहिला प्रश्न हाच येणार की चार कुठं गेल्या. मग ज्यानं आयुष्यात कशाला हात लावला नाही तो माणूस रात्री चोरून बेटावर जायला लागतो, थोडी थोडी आणायला. इथं मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

कारण आमच्या घरात हे झालेलं आहे. रझाकारांच्या धामधुमीत पणजीनं हाली रुपयांचं, म्हणजे निजामाच्या नाण्यांचं, गाडगं घरात कुठंतरी पुरलं, आणि जागा न सांगताच गेली. मग आजोबा आणि त्यांच्या भावानं आधी माजघर खणलं, मग धान्याचं बळद फोडलं, जात्याखालची फरशीसुद्धा उचलली. गाडगं काही सापडलं नाही. दोघांचं बोलणं मात्र तुटलं ते तुटलंच, एकाच वाड्यात दोन चुली. आज्जी शेवटपर्यंत म्हणायची, "सापडलं असतं तर एकानं दुसऱ्याचा जीव घेतला असता बाबा."

शेवटी नॉस्ट्रोमो मरायला टेकलेला असताना गूल्डच्या बायकोला, एमिलियाला, चांदीची जागा सांगू का म्हणतो. ती नको म्हणते, राहू दे हरवलेलीच. बाहेर आल्यावर डॉक्टर विचारतो, काही सांगितलं का त्यानं, तर म्हणते, काहीच नाही. पूर्ण पुस्तकात चांदीला नाही म्हणणारी ती एकटीच वाटली मला. आमच्या जात्याखालची ती फरशी अजून हलते, पाय पडला की खट्ट वाजते.