किक पोकळ लागते

नव्याने बांधलेल्या इंजिनाला पहिली किक मारली आणि पाय थेट खाली गेला. अंधारात अजून एक पायरी असेल म्हणून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं झालं. जुन्या टू-स्ट्रोकची किक मधे अडते, आढेवेढे घेते, मग एकदाची वरचा टप्पा ओलांडते. हिने कसलाच विरोध केला नाही. म्हणजे आत दाबच धरत नव्हता.

गाडी वडिलांची, १९९४ ची यामाहा आरएक्स १००. पुढचं मडगार्ड वर उचललेलं, टायर जाड नक्षीचे. देवगडच्या सड्यावरून कलमांच्या बागेत जायला हिच्यासारखं वाहन नाही. पण वाटेत चिरेखाण लागते आणि तिथली तांबडी धूळ फिल्टर चुकवून आत जाते. तिने बोअर, म्हणजे पिस्टन वर-खाली होतो ते भोक, खाल्लं. मग हाफ इंजिनाचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या अर्ध्या भागाचं, काम काढलं. मूळचं ५० मिलिमीटरचं बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवून आणलं, त्या मापाचा पिस्टन आणि रिंगा घेतल्या आणि बाकीचं पडवीत बसून मीच बांधलं. व्हिडिओ बघून माणसाला जेवढा आत्मविश्वास येतो, तेवढा सगळा माझ्याकडे होता.

रात्री झोप नाही. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे होता ना? होता. रिंगांची तोंडं खाचेतल्या बारीक खिळ्यावर नीट बसली होती? चुकली असती तर ब्लॉक चढताना रिंग तिथेच मोडली असती. रिंग नुसती बोअरमध्ये सरकवून तोंडातली फट फिलर गेजने मोजली होती, तीही ठीक होती. आणि टू-स्ट्रोकचं एक बरं असतं, वर व्हॉल्व्हच नसतात. दाब पळायला जागा मोजक्याच: पिस्टनच्या कडेने, हेड म्हणजे वरच्या झाकणाखालून, नाहीतर प्लगच्या चुडीतून. चोर घरातला आहे आणि घर तीन खोल्यांचं.

सकाळी शेजाऱ्यांच्या ट्रकवर काम करणाऱ्याकडून दाब मोजायचं गेज मागून आणलं. प्लगच्या जागी नळी बसवली, दहा किका मारल्या. काटा ७० वर, म्हणजे चौरस इंचाला ७० पौंड. अशा इंजिनाला सव्वाशेच्या आसपास तरी यायला हवेत. पडवीच्या भिंतीवर वडील नारळ पाडल्याची तारीख आणि आकडा पेन्सिलीने लिहून ठेवत. त्याच्याखाली मी ७० लिहिला.

मग आठवलं, रेस पूर्ण पिळून धरायची असते. नाहीतर कार्बोरेटरचा दरवाजा बंद, आत हवाच नाही, दाबणार काय? रेस पिळून पुन्हा किका. ८५. थोडं हायसं वाटलं आणि लगेच वाईटही, कारण आता सबब उरली नव्हती. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे घाटमाथ्यावर आकडा कमी येतो म्हणतात. आमच्या खळ्यातून समुद्र दिसतो.

पुढची परीक्षा तेलाची. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडायचं आणि परत मोजायचं. रिंगा गळत असतील तर तेल कडेला बसून फट बुजवतं आणि काटा चांगलाच उडी मारतो. आमचा ९० वर जाऊन थांबला. त्यातलेही काही त्या तेलानेच जागा अडवल्यामुळे वाढले असणार. म्हणजे रिंगांवर उगाच आळ घेत होतो. नव्या रिंगा बोअरला घासून बसायला थोडं पळणंही लागतंच.

उरलं हेड. भांड्याच्या साबणाचा दाट फेस करून हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर लावला आणि भावाला किक मारायला सांगितली. मागच्या उजव्या नटापाशी एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. पुन्हा किक, पुन्हा तिथेच. इतका आनंद मला बुडबुड्याने लहानपणीही दिला नव्हता.

कारण लाजिरवाणं होतं. हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग जुनंच घातलं होतं, 'चांगलं दिसतंय की' म्हणून. एकदा दाबून बसलेलं पॅकिंग दुसऱ्यांदा तसं बसत नाही. शिवाय नट एका बाजूने गोल फिरत आवळले होते, समोरासमोरचे टप्प्याटप्प्याने आवळायचे सोडून. हेड काढलं. जुन्या खिडकीची काच खळ्यात ठेवली, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर, वर पाण्याची धार, आणि हेड उपडं धरून इंग्रजी आठचा आकडा गिरवत बसलो. उंच भाग चकचकीत होत जातो, खोलगट तेवढा काळा राहतो. माझ्या हेडवर नखाएवढी काळी चंद्रकोर होती, बरोबर त्या बुडबुड्याखाली. ती पुसली जायला तासभर गेला. नवं पॅकिंग, नट फुलीच्या क्रमाने. काटा १०० वर.

शंभरच? गेज खिशात टाकून बंदरावर गेलो. तिथे होड्यांची मशीनं दुरुस्त करणारे मामा आहेत. उभा जन्म टू-स्ट्रोकमध्ये गेलाय त्यांचा.

"गेज रवांदे. पाय काय सांगता?" मामांनी विचारलं.

"पाय म्हणतो, झाली."

त्यांनी नळी हातात घेऊन ताणून बघितली आणि हसायला लागले. "नळी ट्रकाची आणि गाडी केवढीशी! काय गावतला तुका?"

९८ सीसीच्या इंजिनात पिस्टन वर आला की हवेला जागा उरते दोन-तीन चमच्यांची. त्या दीड फुटी नळीच्या पोटात आणखी एक चमचा मावतो, आणि हवा अडवणारा व्हॉल्व्ह पार गेजच्या टोकाला. ट्रकच्या इंजिनात तो चमचा कुठे हरवतो कळत नाही. मामांच्या गेजला नळी नाही, बोटभर पितळी तोटी आहे, व्हॉल्व्ह तिच्या तळाशी. संध्याकाळी ते घेऊन आलो. १२०.

भिंतीवर ७०, ८५, ९०, १००, १२० अशी उतरंड झाली. गाडी दुसऱ्या किकेला पेटली, पडवीभर निळा धूर. आई पदर नाकाला लावून बाहेर आली आणि भिंतीकडे बघत राहिली.

"एकशेवीस नारळ कधी पाडलंस?"